तुपाच्या शाईचा छापखाना

मनोरीच्या धक्क्यावर मार्व्याला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत उभे राहिले, की पाण्याचा विषय आपोआप निघतो. भरती किती वाजता? सुकती कधी लागणार? मुंबईहून शनिवार-रविवारची हवा खायला आलेला पाहुणा खिशातला मोबाइल काढतो आणि भरतीचे वेळापत्रक शोधू लागतो. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशींना तेवढा वेळ लागत नाही. त्या मनातल्या मनात तिथी आठवतात, तिची पाऊणपट करतात आणि उत्तर देतात. आज षष्ठी, म्हणजे सहाचा पाऊणपट साडेचार. साडेचारच्या सुमारास पाणी पूर्ण भरणार. अष्टमी असेल तर सहा वाजता, आणि तीही भांगाची भरती, जोर नसलेली. पुनव-अवसेला भरदुपारी आणि मध्यरात्री पाणी चढते, तेव्हा उधाण. दहा-वीस मिनिटे इकडेतिकडे होतील, पण होडी चिखलात बसणार नाही एवढी खात्री या हिशेबात असते.

हा हिशेब किनाऱ्यावर फार जुना आहे. त्यासाठी एकच गोष्ट माहीत असावी लागते, ती म्हणजे आजची तिथी. आणि ती आज घरोघर भिंतीवर टांगलेली असते. कोळ्यांच्या घरात असते, तशी क्रूसाशेजारच्या खिळ्यावर ईस्ट इंडियन घरांतही असते. दूधवाल्याचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख, बिशीचा हप्ता हे सगळे तिच्याच चौकोनांत लिहिलेले असते. इतकी ती दिनदर्शिका आपल्या हाताखालची झाली आहे, की ती कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा छापली असेल, हा विचारही मनात येत नाही.

पण छापली होती. १८३१ च्या मार्च महिन्यात, शके १७५३ च्या पाडव्याच्या सुमारास, मुंबईत पहिले छापील मराठी पंचांग निघाले. ते छापणाऱ्या माणसाचे नाव गणपत कृष्णाजी. जातीने भंडारी. त्याच्या पाठीशी ना सरकार होते, ना संस्थान, ना मिशन. होता तो स्वतःचा हात आणि ‘हे आपल्यालाही जमेल’ हा विश्वास. १८६० साली तो वारला. त्याला जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. शाळेच्या पुस्तकात आपण वर्तमानपत्राचे जनक वाचतो, कोशकार वाचतो, सुधारक वाचतो. या सर्वांना ज्याच्या धंद्याची गरज होती त्या छापखानेवाल्या कारागिराची आठवण मात्र क्वचितच निघते. ती आज काढायची आहे.

पैसा होता, सत्ता होती, हात नव्हता

गणपत कृष्णाजीने काय केले हे समजायचे, तर त्याच्या आधी कोणाकोणाला ते जमले नव्हते हे पाहावे लागते. पोर्तुगीजांनी गोव्यात १५५६ साली छापखाना आणला होता. पण देवनागरी अक्षरे छापण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. सतराव्या शतकात भीमजी पारेख या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्याने आपले ग्रंथ छापून निघावेत म्हणून कंपनी सरकारकडे मुद्रक मागितला. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक विलायतेहून आलाही. त्याला छापता येत होते, पण इथल्या लिपीची अक्षरे धातूत कोरून घडवता येत नव्हती. भीमजींचा पैसा आणि उत्साह दोन्ही वाया गेले.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणविसांच्या प्रोत्साहनाने पुण्यात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची खटपट सुरू झाली. राजकारणाच्या धामधुमीत ती पुण्यात तडीस गेली नाही. पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली मिरजेत ती गीता छापून झाली. काम सुंदर होते. पण प्रत्येक पान तांब्यात कोरायचे म्हणजे एका पुस्तकापायी एका माणसाची उमेद खर्ची घालण्यासारखे होते. त्यातून धंदा उभा राहणे शक्य नव्हते.

धंदा उभा करून दाखवला तो फर्दुनजी मर्झबान या पारशी गृहस्थाने. मूळचा हा पुस्तकबांधणीचा कारागीर. त्याने १८१२ साली मुंबईत छापखाना काढला, गुजराती अक्षरे स्वतः खटपट करून तयार केली आणि १८१४ साली गुजराती पंचांग छापले. १८२२ मध्ये त्यानेच ‘मुंबई समाचार’ सुरू केला, तो अजून चालू आहे. मराठीत मात्र तोवर जे छापले जात होते ते मिशनऱ्यांकडे किंवा सरकारी शिक्षणखात्याच्या आश्रयाने. मराठी माणसाने स्वतःच्या हिमतीवर काढलेला छापखाना अजून जन्माला यायचा होता.

दगडाचे तुकडे

अमेरिकन मिशनचा छापखाना मुंबईत १८१७ पासून मराठी पुस्तके छापत होता. गणपत कृष्णाजीने छपाई पाहिली ती तिथे. ख्रिस्ती धर्माची पुस्तके जर इतकी नेटकी निघतात, तर आपल्या लोकांना लागणारे ग्रंथ तसे का निघू नयेत, असे त्याच्या मनाने घेतले. आपल्यापैकी अनेकांच्या मनाने असे काहीबाही घेत असते. दुसऱ्या दिवशी ते विसरलेही जाते. हा माणूस विसरला नाही.

त्याने शिळाछापाची वाट धरली, आणि ती शहाणपणाची होती. या पद्धतीची युक्ती अगदी साधी आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्याच गोष्टीवर ती उभी आहे. एका विशिष्ट चुनखडकाच्या घासून गुळगुळीत केलेल्या दगडावर तेलकट शाईने मजकूर उलटा उमटवायचा. मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी धरते, अक्षरांवर धरत नाही. आता छपाईच्या शाईचा रूळ फिरवला, की शाई अक्षरांवर तेवढी बसते, ओल्या जागी बसत नाही. वर कागद ठेवून दाब दिला, की सुलट पान तयार. बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत ही कला शोधली आणि पुढच्या तीसेक वर्षांत ती मुंबईला पोचलीही होती.

मराठीसाठी तिचा मोठा फायदा असा, की धातूची अक्षरे लागतच नाहीत. चांगल्या लेखनिकाचे वळणदार बाळबोध अक्षर जसेच्या तसे कागदावर उतरते. जोडाक्षर कितीही अवघड असो, रेघांचे कोष्टक असो, दगडाला सगळे सारखेच.

पण युक्ती कळणे वेगळे आणि हाताला येणे वेगळे. तयार यंत्र विकत घेण्याची ऐपत नाही, दगड मिळण्याची पंचाईत, शाईची कृती सांगणारे कोणी नाही. गणपत कृष्णाजीने यंत्र आपल्या देखरेखीखाली इथेच घडवले. हाती लागतील ते दगडाचे लहान लहान तुकडे जमवून त्यांवर अक्षरे उमटवून पाहिली. शाई स्वतः करून पाहिली. बिघडली, पुन्हा केली. ज्यांनी कधी कोणते काम नव्याने हाताला लावून घेतले आहे, त्यांना या ‘करून पाहिले’ मध्ये किती रात्री गेल्या असतील याची कल्पना येईल. शाई पातळ झाली तर अक्षर फुटते, घट्ट झाली तर कागद चिकटून फाटतो. दगडावर पाणी जास्त झाले तर छाप फिका, कमी झाले तर सगळे पान काळे. हे सांगायला कोणी उस्ताद नाही. चूक हीच शाळा.

पंचांगच का?

हात बसल्यावर त्याने आधी लहानसहान पुस्तके छापली आणि मग पंचांग हाती घेतले. या निवडीत कारागिराइतकाच दुकानदारही दिसतो.

तोवर पंचांग हस्तलिखित असे. जोशी ते लिहून काढत, त्याच्या नकला होत, आणि सामान्य माणसाला तिथी, वार, नक्षत्र कळायचे ते जोशीबुवांच्या तोंडून. एकादशी कधी, श्राद्धाची तिथी कोणती, पेरणीचे नक्षत्र कधी लागते, या सगळ्यासाठी कोणाच्या तरी दारात जायचे किंवा कोणी दारात येण्याची वाट पाहायची. ज्याला वाचता येते त्याच्या घरी छापील पंचांग असेल, तर ही अडचण संपत होती.

शिवाय पंचांग म्हणजे दरवर्षी नव्याने खपणारी वस्तू. पोथी एकदा घेतली की तीन पिढ्या पुरते; पंचांग मात्र पाडव्याला जुने होते. छापखानेवाल्याच्या दृष्टीने याहून चांगला माल नाही आणि याहून निर्दय मालही नाही. पाडव्यानंतर आठ दिवसांनी तयार झालेले पंचांग रद्दीच्या भावाने जाणार. म्हणजे गणित तपासणे, लेखनिकाकडून लिहून घेणे, दगडावर उतरवणे, छापणे, बांधणे, सारे ठरल्या दिवशी झालेच पाहिजे. नव्या धंद्यातल्या माणसाने ही जोखीम पत्करली, यावरून त्याचा आपल्या हातावर किती भरवसा होता ते कळते.

शिवायचे की नाही?

माल तयार झाला. पण त्याला हात लावणार कोण? ही अडचण यंत्राची नव्हती, आणि ती यंत्राच्या अडचणींपेक्षा मोठी होती.

धर्माचे ग्रंथ हाताने, शुचिर्भूतपणे लिहायचे, अशी समजूत असलेला तो काळ. छापील कागद परका, त्यावरची शाई चरबीची, आणि छापणारा भंडारी. भिक्षुक मंडळी छापील कागदाला शिवायला कचरत. या सोवळेपणाची हकिगत त्या काळच्या लेखनात स्पष्ट नोंदलेली आहे. १८६३ मध्येसुद्धा अशी मंडळी मुंबईत होती, असा उल्लेख सापडतो.

गणपत कृष्णाजीने काय करावे? वाद घालावा, रागवावे की धंदा गुंडाळावा? त्याने शाई बदलली. चरबीऐवजी शाईत तूप वापरले, असे मुद्रणाचा इतिहास सांगतो. ज्या तुपाने देवापुढे निरांजन लागते त्याच तुपात खललेली शाई म्हटल्यावर नाक मुरडायला जागा कुठे राहिली? या युक्तीकडे दोन प्रकारे पाहता येईल. कोणी म्हणेल, हा सोवळ्यापुढे नमला. पण कारागिराच्या नजरेने पाहिले तर दिसते ते असे, की गिऱ्हाइकाची अडचण त्याने खरी मानली आणि तिच्यावर आपल्या कामातूनच उत्तर काढले. चरबीच्या जागी तूप घालून शाईचा चिकटपणा तसाच ठेवायचा, म्हणजे पुन्हा कितीतरी वेळा करून पाहणे आलेच.

शाईतली चरबी काढता आली. छापणाऱ्याची जात काही त्याला काढता येत नव्हती, आणि ती काढायची गरजही पडली नाही. लोकांनी हळूहळू पंचांग घेतले, कारण ते उपयोगाचे होते, स्वच्छ होते आणि वेळेवर मिळत होते. पूजेच्या पाटाशेजारी, जोशीबुवांच्या मांडीवर, भंडाऱ्याच्या छापखान्यातला कागद जाऊन बसला. त्या काळच्या एखाद्या सभेत ठराव करून हे घडवून आणायचे म्हटले असते, तर किती वर्षे लागली असती?

दगडाकडून धातूकडे

शिळाछापावर नाव मिळाले, कामे येऊ लागली. एखादा तिथेच सुखाने थांबला असता. गणपत कृष्णाजीने पुढच्या दशकात खिळ्यांच्या छपाईला हात घातला.

खिळा म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा. तो तयार करण्याचे काम सोनाराच्या कामाइतके नाजूक. आधी पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ते पोलाद तापवून, विझवून कडक करायचे. मग तांब्याच्या तुकड्यावर ते ठोकून अक्षराचा खळगा उमटवायचा. तो तांब्याचा तुकडा साच्याच्या बुडाशी बसवून वरून शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा. निवाल्यावर बाहेर पडतो तो खिळा. इंग्रजी छापणाऱ्याचे काम सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत भागते. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे धरून शेकडो ठसे लागतात. आणि ते सगळे एका उंचीचे, एका वजनाचे, एका हाताचे दिसले पाहिजेत. एक ‘ळ’ जरा जाड कोरला गेला, तर साऱ्या पानात तो डोळ्यांत खुपत राहतो.

हे कामही त्याने साधले. वेगवेगळ्या आकारांची अक्षरे स्वतः तयार करवली आणि त्यांच्यावर पुस्तके छापली. त्या काळातल्या मराठी आणि संस्कृत ग्रंथांची सूची चाळली, तर ‘गणपत कृष्णाजीचा छापखाना’ हे नाव पुन्हा पुन्हा भेटते. जुन्या ग्रंथालयांतून त्याच्याकडच्या छापील पोथ्या आजही आहेत. कागद तपकिरी झाला आहे, कडा झडल्या आहेत, शाई मात्र टिकून आहे.

माणूस गेल्यावर

१८६० मध्ये गणपत कृष्णाजी गेला. मालक स्वतः कारागीर असलेल्या कोणत्याही छोट्या धंद्यात अशा वेळी एकच प्रश्न उभा राहतो. गल्ला, दुकान, यंत्र, नाव हे सगळे वारसांकडे जाते. पण हाताचे काय? शाई किती शिजली हे नुसत्या वासावरून ओळखणारे नाक, ठशाची धार अंगठ्याने तपासणारी सवय, हे कोणत्या कागदपत्राने वारसांच्या नावे करायचे?

छापखाना बंद पडला नाही. घरच्या पुढच्या पिढ्यांनी तो चालवला आणि त्यानंतरही कित्येक वर्षे पुस्तकांवर त्याच नावाचा छापखाना दिसत राहिला. मालक गेल्यावरही नाव खपते, हे धंद्याचे मोठे प्रशस्तिपत्र समजावे.

पण आपल्याला त्याची हकिगत कळते ती छापखान्यामुळे नव्हे. ती कळते एका शाळामास्तरामुळे. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीत एखाद्या शहराचा असा तपशीलवार वृत्तान्त त्यापूर्वी झाला नव्हता. या पुस्तकात गव्हर्नर आहेत, शेठसावकार आहेत, देवळे आणि तलाव आहेत. आणि नुकताच वारलेला एक भंडारी छापखानेवालाही आहे. त्याने दगडाचे तुकडे कसे जमवले, शाई कशी केली, पंचांग कसे काढले, हे माडगांवकरांनी लिहून ठेवले. पुढे अ. का. प्रियोळकरांनी १९५८ मध्ये भारतीय मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा गणपत कृष्णाजीला त्यात मानाची जागा मिळाली. आठवण ताजी असताना, माणूस गेल्याला तीनच वर्षे झालेली असताना एकाने कागदावर चार ओळी उतरवल्या, म्हणून आज आपण त्याच्याविषयी बोलू शकतो. माडगांवकर स्वतः १८६५ मध्ये गेले. दोन वर्षे उशीर झाला असता तर?

दोघांतला एक

हाताचा वारसा कसा चालतो त्याचे उत्तर मात्र वेगळ्याच ठिकाणी मिळते. त्याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, ज्यात डोकावून गणपत कृष्णाजीने स्फूर्ती घेतली होती, साधारण दहा वर्षांचा एक पोरका मुलगा महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागला. त्याचे नाव जावजी दादाजी. शाळा जेमतेम झालेली. खिळे घासता घासता त्याला अक्षर कळू लागले. १८६४ मध्ये त्याने स्वतःची खिळे ओतण्याची शाळा काढली आणि १८६९ मध्ये छापखाना. तोच ‘निर्णयसागर’. त्यानेही पंचांग छापले! त्याच्याकडची संस्कृत पुस्तके आपल्या शुद्धतेमुळे आणि सुबक अक्षरामुळे देशभर आणि युरोपातल्या पंडितांपर्यंत गेली. १८९२ मध्ये जावजी गेले, तेव्हा त्यांच्या नावाचा सर्वत्र दबदबा होता.

या दबदब्यामागे आणखी एक हात होता. राणोजी रावजी आरू हे जावजींचे स्नेही आणि सहकारी. ‘निर्णयसागर’च्या ज्या अक्षरांवर सारे लोभावले त्यांचे पोलादी ठसे कोरणारा हात त्यांचा. जावजींचे नाव निदान ग्रंथप्रेमींना माहीत आहे. राणोजींचे किती जणांना? आज संगणकावर मराठी उमटते तेव्हाही त्या अक्षरामागे कोणाचा तरी हात असतो. ‘मंगल’ हा संगणकावरचा सर्वपरिचित देवनागरी टंक र. कृ. जोशींनी घडवला. २००८ मध्ये ते गेले. रोज ते अक्षर वाचणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होते?

चार ओळी

मालाड, दादर, गिरगाव येथल्या गल्ल्यांतून एकेकाळी पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचा खटखट आवाज येई. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या पावत्या, सणाची हँडबिले, बारशाची निमंत्रणे सगळी तिथे व्हायची. ऑफसेट आणि संगणक आले आणि वीसेक वर्षांत हा आवाज थांबला. मालक वारले, यंत्रे किलोच्या भावाने भंगारात गेली, खिळे वितळवले गेले. काळाला कोणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. गणपत कृष्णाजीने स्वतःच लेखनिकांच्या धंद्यावर यंत्र आणले होते. खंत यंत्र गेल्याची नाही. खंत याची, की त्या यंत्रांमागे उभ्या असलेल्या माणसांबद्दल कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत.

प्रत्येक गावात असा एखादा हात असतो. होडीची फळी वाकवणारा मिस्त्री, मांडवाचा डौल उभा करणारा, घड्याळ कानाशी धरून त्याचे दुखणे सांगणारा. तो आहे तोवर आपण त्याच्याशी पैशांची घासाघीस करतो. तो जातो तेव्हा चार माणसे जमतात, ‘असा कारागीर पुन्हा होणे नाही’ म्हणतात आणि घरी जातात. वाक्य खरे असते, पण पुरेसे नसते. तो काम कसे करायचा, कोणाकडून शिकला, कोणाला शिकवले, काय बिघडले आणि कसे निभावले, हे त्याच्या मुलांना, मदतनिसांना विचारून वहीत उतरवायला एक दुपार लागते. माडगांवकरही एक शाळामास्तरच होते.

मनोरीच्या धक्क्यावरच्या मावशींना गणपत कृष्णाजी माहीत असण्याचे कारण नाही. त्या तिथी पाहतात, पाऊणपट करतात, आणि पाणी त्यांच्या हिशेबाप्रमाणे चढते. बोट लागते, माणसे उतरतात, दुसरी चढतात. घरी भिंतीवर उद्याची सप्तमी छापलेली असते. सातचा पाऊणपट सव्वापाच.